यामाहा एचएस ५: दिवाळीत घेतले, ज्येष्ठात जागेवर बसले

हे स्पीकर घेऊन आठ महिने झाले आणि रिव्ह्यू आत्ता लिहितोय, कारण पहिले सहा महिने मी यांना नावंच ठेवत होतो आणि ती नावं चुकीच्या माणसाला ठेवली होती असं आता कळलंय. तेव्हा लिहिला असता तर दोन स्टार दिले असते आणि ते वाचून एखाद्या पोराने घ्यायचे टाळले असते, म्हणून बरं झालं लिहिला नाही.

आधी माझं काम सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी बेळगावात वडगावला राहतो, घराच्या माडीवर एक खोली आहे १० बाय १२ ची, उंची ९ फूट, वर स्लॅब. तिथंच रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळांचे अभंग, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, गणपतीच्या देखाव्यांचे संवाद, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचे संवाद. ज्यांनी बेळगावची चित्ररथ मिरवणूक बघितलीय त्यांना सांगायला नको, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा असतो, पोरं पोरी वेषात उभी असतात आणि संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात. म्हणजे महाराजांचा आवाज गल्लीतल्या हजारो लोकांना कसा ऐकू जाणार हे माझ्या या १० बाय १२ च्या खोलीत ठरतं. मला ही जबाबदारी फार मोठी वाटते.

आता स्पीकर. एचएस ५ म्हणजे ५ इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा), १ इंची डोम ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा), दोघांना वेगळा ॲम्प्लिफायर, वूफरला ४५ वॅट आणि ट्वीटरला २५, मिळून ७० वॅट एका स्पीकरला. क्रॉसओव्हर, म्हणजे जिथं वूफर आपलं काम ट्वीटरकडं सोपवतो, २ किलोहर्ट्झला. वजन ५.३ किलो, हातात घेतला की भरीव लागतो. बेसचं भोक, म्हणजे पोर्ट, मागच्या बाजूला आहे हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे. मागंच वायर जोडायला एक्सएलआर (तीन पिनांचं) आणि टीआरएस (जाड जॅकचं) असे दोन इनपुट, लेव्हलचं बटण, आणि दोन छोटे स्विच. एकाचं नाव रूम कंट्रोल, तो ५०० हर्ट्झच्या खालचा भाग २ किंवा ४ डीबीने (डेसिबलने) उतरवतो. दुसरा हाय ट्रिम, तो वरचा भाग २ डीबी वर किंवा खाली करतो. पांढरा कोन बघून जुन्या लोकांना एनएस १० आठवतो, १९७८ चा तो यामाहाचाच, जगभरच्या स्टुडिओत असायचा.

एवढं सगळं मी घ्यायच्या आधी वाचलं होतं. कसा लावायचा ते मात्र वाचलं नाही.

दिवाळीत घेतले, दुकानातून एक माणूस फिटिंगला आला. चांगला माणूस, कामसू, पण त्याचं रोजचं काम हॉटेलात आणि देवळात स्पीकर लावायचं. त्याने भिंतीवर ६ फुटांवर फळी ठोकली आणि दोन्ही स्पीकर त्यावर आडवे निजवले, डावा थेट कोपऱ्यात आणि उजवा दाराच्या वर. टेबल त्याच्या खाली. दिसायला एकदम झकास. आई म्हणाली, “खाली जागा मोकळी राहिली बघ, झाडायला बरं.” मी पण खूष. भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवलेलेच होते, म्हटलं स्टुडिओ झाला.

मग काय व्हायचं, खोलीत सगळं भरदार वाटायचं, पखवाज तर छातीवर बसायचा. मला वाटायचं बेस जास्त होतोय, म्हणून मी मिक्समध्ये खालचं कापत जायचो, १०० ते २०० हर्ट्झमधलं तर निम्मं काढून टाकायचो. वैशाखात एका मंडळाचे संवाद केले, तीन रात्री बसून. मिरवणुकीत मारुती गल्लीत ट्रॅक्टर थांबला, संवाद सुरू झाला आणि महाराजांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक. अफजलखान त्याहून बारीक. शेजारी उभे असलेले एक आजोबा मंडळाच्या पोराला विचारत होते, “महाराजांचा आवाज असा कसा काय येऊलालाय ओ?” मंडळाच्या पोरांनी वर्षभर वर्गणी गोळा करून, महिनाभर तालीम करून ते केलं होतं. मी त्या रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात स्पीकर विकायला काढले. शहापूरचे एक काका बघायला आले, त्यांनी बरीच वर्षं रेकॉर्डिंगमध्ये काढलेली. दारातूनच वर बघितलं आणि म्हणाले, “विकूलालास कशाला रे, आधी खाली तरी उतरव.”

पुढचा रिव्ह्यू हा अर्धा स्पीकरचा आणि अर्धा त्या काकांच्या कामाचा आहे. त्यांनी दोन रविवार दिले, पैसे घेतले १५०० आणि एक किलो कुंदा. नाव टाकू नको म्हणालेत म्हणून टाकत नाही.

पहिली गोष्ट, कोपरा. स्पीकरजवळ एक भिंत आली की खालचे स्वर ६ डीबीपर्यंत फुगतात. कोपऱ्यात दोन भिंती, वरनं स्लॅब जवळ, म्हणजे तिहेरी फुगवटा. आणि माझा डावा कोपऱ्यात अन् उजवा नाही, म्हणजे दोन्ही स्पीकर दोन वेगळी गाणी सांगत होते. रूम कंट्रोलचा स्विच ४ डीबी उतरवून हे भरून येत नाही. दुसरी गोष्ट, आडवं निजवणं. २ किलोहर्ट्झच्या आसपास वूफर आणि ट्वीटर दोघंही वाजत असतात, त्या स्वराची लाट साधारण १७ सेंटीमीटरची. स्पीकर उभा असला तर डोकं डावी उजवीकडं हललं तरी दोघांपासूनचं अंतर सारखंच राहतं. आडवा असला की डोकं बाजूला सरकलं की ते अंतर बदलत जातं आणि एकाची लाट दुसऱ्याला खायला लागते. काकांनी मला खुर्चीत बसवून एक बाईचा आवाज लावला आणि म्हणाले हळूहळू डोकं हलव. “स” आणि “श” ऐकताना मला घाम फुटला. सहा महिने मी ज्याला माईकचा दोष म्हणत होतो तो हा होता.

मग टेबल उचललं. खोली १२ फूट लांब, त्या लांबीकडं तोंड करून बसायचं असं ठरलं, म्हणजे समोर १० फुटांची भिंत आणि पाठीमागं जास्तीत जास्त जागा. काकांनी गवंड्याचा ओळंबा मागितला. मला आधी कळेना कशाला. त्यांनी समोरच्या भिंतीचा मध्य काढला, ५ फूट, तिथून फरशीवर दोरी ओढून सरळ रेषा मारली, आणि मी बसलो की नाकासमोर ओळंबा सोडून बघितलं की डोकं त्या रेषेवर येतंय का. मग दोन ट्वीटरमधलं अंतर साडेतीन फूट, आणि प्रत्येक ट्वीटरपासून डोक्यापर्यंत साडेतीन फूट, समभुज त्रिकोण. सुतळी ताणली की वाढते म्हणून नायलॉनची दोरी घेतली, तिला साडेतीन फुटांवर गाठ मारली. स्पीकरची तोंडं आत वळवली, डोक्याच्या थोडं मागं जिथं दोन्ही रेषा मिळतील अशी.

उंची ट्वीटर कानासमोर. माझ्या खुर्चीत माझे कान ४६ इंचावर येतात. एचएस ५ उभा ठेवला की ट्वीटरचा मध्य बुडापासून ८ इंचावर, म्हणजे स्टँड ३८ इंचाचा पाहिजे. बाजारात तयार स्टँड मिळतात पण हलके असतात, आणि आपल्या गावात उद्यमबाग असताना तयार कशाला घ्यायचं. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये ४ इंची चौकोनी एमएस पाईप, खाली जाड प्लेट, वर स्पीकरच्या मापाची प्लेट, असे दोन करून घेतले, दोन्ही मिळून ३२०० रुपये. पाईपमध्ये वाळू भरली. वाळू उन्हात दोन दिवस वाळवून चाळून घ्या, ओली भरली तर पाईप आतून गंजतो. वरच्या प्लेटवर रबराचा जाड तुकडा आणि त्यावर स्पीकर. आता पखवाजाची थाप पडली तर स्टँडला बोट लावलं तरी काही जाणवत नाही. आधी फळीवर असताना टेबलावरचा पेन चालायचा.

स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून किती अंतर, यात मात्र माझा काकांशी वाद झाला. मी व्हिडिओ बघून ठाम होतो की स्पीकर भिंतीपासून जितका लांब तितका चांगला. काका म्हणाले ठेव बघू तुझ्या मनासारखा. मी स्पीकरचं तोंड भिंतीपासून ३ फुटांवर आणलं. अभंग लावला. टाळ छान, पेटी छान, आणि पखवाजाचा धूम गायब. अक्षरशः गायब, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची राहून गेल्यासारखा. कारण असं की खालचे स्वर स्पीकरच्या मागं पण जातात, भिंतीवर आपटून परत येतात, आणि ज्या स्वराची पाव लाट त्या अंतराएवढी असते तो स्वर परत येताना उलटा येऊन पुढच्या आवाजाला मारतो. ३ फुटांचा हिशोब केला तर ९४ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे बरोबर पखवाजाच्या पोटात. मोठ्या हॉलमध्ये भिंतीपासून खूप लांब नेता येतं, आमच्या खोलीत ते शक्यच नाही. मग उलटं करायचं, जवळ न्यायचं. स्पीकरची पाठ भिंतीपासून ८ इंच, पोर्टला श्वास घ्यायला तेवढी जागा पुरते, तोंड साधारण १७ इंचावर. खड्डा २०० हर्ट्झकडं वर सरकला आणि तिथं तो भिंतीवर आवाज शोषणारं जाड पॅनेल लावून मारता येतो. भिंत जवळ आल्यामुळं बेस थोडा वाढतो त्याला रूम कंट्रोल उणे २ वर. तो स्विच कशासाठी दिलाय हे मला त्या दिवशी कळलं.

आणि गंमत बघा, ८ इंच, स्पीकरची खोली, त्रिकोणाची उंची सगळं मिळवलं तर माझं डोकं समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास येतं, म्हणजे १२ फुटांच्या ३८ टक्के. ऐकणाऱ्याने लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करावी असं या धंद्यातलं जुनं मोजमाप आहे. बरोबर मध्यावर, ६ फुटांवर, बसायचं नाही, कारण १२ फूट लांबीचा पहिला घुमणारा स्वर ४७ हर्ट्झचा आणि तो मध्यावर ऐकूच येत नाही. भिंतीला टेकून बसलं तर तोच नको इतका येतो. १० फुटांच्या रुंदीचा असाच ५६ हर्ट्झचा.

पॅनेलचं काम दुसऱ्या रविवारी. अंड्याचे ट्रे सगळे काढले, ते फक्त वरच्या स्वरांना थोडं थोपवतात आणि खाली काहीच करत नाहीत, वर आग लागली तर भडकतात. ४८ डेन्सिटीचं रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, २ इंची दोन थर मिळून ४ इंच, गल्लीतल्या सुतारमामांनी २ बाय ४ फुटांच्या सहा फ्रेम केल्या. वर कापड आपल्या वडगावचंच, मागावरचं साधं सुती, ज्यातून फुंकर मारली तर पलीकडं हाताला लागते असं बघून घेतलं. रॉकवूल हाताळताना फुल बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि तोंडाला फडकं पाहिजेच, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं.

कुठं लावायचं ते आरशाने ठरतं. मी माझ्या जागेवर बसलो आणि आईने तिचा कुंकवाचा आरसा भिंतीला टेकवून कानाच्या उंचीवर हळूहळू सरकवत नेला. जिथं मला आरशात ट्वीटर दिसला तिथं खडूने फुली. आधी डावीकडं, मग उजवीकडं. डावीकडं खिडकी निघाली, उजवीकडं निम्मं दार. आई म्हणाली, “आता दाराला पण उशी लावूलालास काय?” खरंच लावली, दाराच्या जागी पायांवर उभं राहणारं पॅनेल केलं, काम करताना ओढून घ्यायचं. खिडकीसमोर पण तसंच. पॅनेल भिंतीला चिकटवू नका, २ इंच सोडा. खालचे स्वर जास्त शोषले जातात आणि आपल्याकडच्या पावसात भिंत ओल धरते तेव्हा कापडाला बुरशी लागत नाही. खानापूरकडच्या लोकांनी तर हे फार सांभाळा.

वायरिंगमध्ये दोन दुखणी निघाली. पहिलं म्हणजे स्पीकरातून येणारी घुं घुं. मी इंटरफेसमधून, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज बाहेर काढणाऱ्या डब्यातून, साध्या मोनो जॅकच्या वायरी काढल्या होत्या, त्या जाऊन बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली घुं घुं कमी पकडणाऱ्या, आल्या. पण खरं कारण माडीवरच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. थ्री पिनमधली तिसरी पिन शोभेची होती. काही लोक घुं घुं जावी म्हणून अर्थची पिन काढून टाकतात, ते कधी करू नका, जिवाशी खेळ आहे. वायरमन बोलवून नीट अर्थिंग केलं, आणि इंटरफेस, कॉम्प्युटर, दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घेतले. घुं घुं बंद.

दुसरं जास्त फसवं. सगळं मापात बसवूनही आवाज मधोमध येईना, गायक दोन्हीकडं पसरल्यासारखा आणि बेस पोकळ. काकांनी एक स्पीकर बंद केला, बेस वाढला. दोन्ही चालू, बेस कमी. म्हणाले वायर खोल. एका करून घेतलेल्या एक्सएलआर वायरीत दोन नंबर आणि तीन नंबरच्या पिना उलट सोल्डर केलेल्या, म्हणजे एक स्पीकर पुढं ढकलताना दुसरा मागं ओढत होता. पाच मिनिटांचं काम, पण कुणी न सांगता मला हे जन्मात सापडलं नसतं. तुम्ही नवीन लावाल तेव्हा एकाच माणसाचा मोनो आवाज लावा, तो समोर हवेत एका ठिकाणी उभा राहिला पाहिजे, नाही राहिला तर आधी वायर बघा.

मग लेव्हल. पिंक नॉईज, म्हणजे सगळे स्वर मिसळलेला सळसळता आवाज, लावून, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून, आवाजाचा मीटर डोक्याच्या जागी धरून, मीटरची सेटिंग सी वेटिंग स्लो, दोन्ही ७६ डीबी. माझ्या एवढ्याशा खोलीला तेवढं पुरतं. त्या जागी बटणावर खूण केली आणि आता हलवत नाही. शेवटी मापाचा माईक उभा करून रूम इक्यू विझार्डवर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर वाजवून खोलीचं माप, घेतला, हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आमच्या शेजारी माग आहेत, दिवसा खडखडाट चालू, त्यात माप घेता येत नाही. दुपारी लाईट गेली तेव्हा माग थांबले, गल्ली अशी शांत झाली की खालच्या नळाचं टपटप ऐकू यायला लागलं, आणि आम्ही इन्व्हर्टरवर पटापट सहा स्वीप घेतले. खालच्या स्वरांत अजून एक उंचवटा आहे, बाकी रेष पहिल्यापेक्षा कितीतरी सरळ.

आता स्पीकरबद्दल माझं खरं मत. मधला भाग, म्हणजे माणसाचा आवाज, पेटी, टाळ, यात हा स्पीकर काही लपवत नाही. गायकाने माईकजवळ येऊन श्वास घेतला तर ऐकू येतो, पेटीच्या भात्याची हवा ऐकू येते, दोन टाळकरी वेगळे सांगता येतात. कान सुखावणारा गोडवा यात नाही आणि कामाच्या माणसाला तो नकोच. तपासायला मी तंबोरा वापरतो. कुमार गंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, त्यांचे तंबोरे लागलेले ऐकायचे म्हणजे दोन्ही बाजूंनी आवाज येऊन मध्ये एक तिसराच स्वर उभा राहतो. फळीवर असताना मला तो कधीच दिसला नव्हता. त्या रविवारी संध्याकाळी सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा ऐकला आणि काका, मी, आई तिघंही काही वेळ बोललो नाही. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, तो हा स्पीकर व्यवस्थित दाखवतो.

त्याच्या खाली जास्त अपेक्षा ठेवू नका. कंपनीच ५४ हर्ट्झ लिहिते, ते पण १० डीबी उतरल्यावर. डीजेच्या बेसची गाणी करणाऱ्यांनी हेडफोनवर तपासल्याशिवाय फाईल देऊ नका, किंवा मोठी खोली असेल तर एचएस ८ बघा, तो ३८ पर्यंत जातो. पण १० बाय १२ मध्ये एचएस ८ घ्यायची घाई करू नका, खालचा स्वर जेवढा जास्त काढाल तेवढी खोली घुमणार. त्यातल्या फरकाचे पैसे स्टँड आणि रॉकवूलला लावा, माझ्याकडं तेवढ्यातच सगळं बसलं.

वापरताना एवढंच, चालू करताना आधी इंटरफेस मग स्पीकर, बंद करताना आधी स्पीकर. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा वर सुती फडकं टाका, प्लास्टिक नको.

परवा त्याच मंडळाच्या पोरांना बोलवलं आणि तोच संवाद नव्याने मिक्स करून दिला, पैसे न घेता. त्यांनी ट्रॅक्टरवरच्याच सिस्टिमवर लावून बघितला आणि फोन केला. “दादा, आता महाराज बोलूलालेत बघा.” पुढच्या वैशाखाचं काम त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

खालचा तो उंचवटा काढायला खोलीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत बेस ट्रॅप, म्हणजे खालचे स्वर शोषणारे जाड पॅनेल, करायचे आहेत. रॉकवूलचे स्लॅब आणून ठेवलेत, पण सुतारमामा दिंडीबरोबर पंढरपूरला गेलेत, एकादशी करून आले की फ्रेम करून देतो म्हणालेत. झाले की नवीन स्वीपचं माप इथंच खाली टाकतो.